आरओ बसवण्याआधी शेवटच्या घरचा नळ तपासा

तापीकाठच्या गावातल्या एका भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावात नळ आहे, पाणी आठ दिवसांआड येतं. दरवर्षी जून-जुलैत जुलाब-उलट्यांची साथ येते, यंदा त्यात काविळीचे रुग्ण निघाले. ग्रामपंचायत म्हणते, निधी आहे, आरओ प्लांट बसवू आणि पाच रुपयांना कॅन देऊ. टीसीएल (पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर) टाकलं की वासावरून लोक भांडायला येतात. घरात बायको सातव्या महिन्यात आहे आणि आई माठाशिवाय पाणी पीत नाही. आरओने प्रश्न सुटेल का, आणि तोवर घरात काय करायचं?

भाऊ, मी आरोग्य सहाय्यक म्हणून बत्तीस वर्षं काढली. बहुतेक धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत, मधली चार वर्षं धडगावकडे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. विहिरीत दोरी सोडून खोली मोजणारा आणि नळाखाली परीक्षानळी धरणारा माणूस. त्या अनुभवावरून सांगतो, तेवढंच धरा.

आधी बायकोचं, कारण ते थांबू शकत नाही. काविळीची साथ पाण्यातून येते तेव्हा हिपॅटायटिस ए किंवा ई हे विषाणू असतात. त्यातला ई हा गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतणारा आहे. आजपासून त्यांना उकळलेलंच पाणी द्या. उकळलेलं म्हणजे कोमट केलेलं नव्हे. खळखळून बुडबुडे आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यायचं, त्याच भांड्यात झाकून थंड करायचं. दात घासायला, फळं धुवायलाही तेच. बाहेरचा बर्फ, रसवंती, पाणीपुरीचं पाणी बंद. अन्नावरची वासना उडाली, मळमळ, ताप, लघवी गडद पिवळी, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. काविळीची माळ घालून ती लांब होते का बघत बसू नका. माळ प्रत्येकाचीच लांब होते, ती दोऱ्याच्या गाठींची करामत असते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय, आरओ बसवावा का. माझ्या मते तुमच्या गावाचा खरा प्रश्न असा आहे की पाणी नेमकं कुठे बिघडतं, हे कोणी शोधलेलंच नाही. विहिरीत बिघडतं, टाकीत बिघडतं, पाइपात बिघडतं की घरातल्या ड्रमात? प्रत्येकाचं औषध वेगळं. साथ आली की आपल्याकडे सगळे टाकीकडे धावतात, कारण ती उंच असते आणि सगळ्यांना दिसते. जमिनीखालचा पाइप कोणाला दिसत नाही.

माझीच एक चूक सांगतो. नोकरीतली पहिली काही वर्षं मी पाण्यातला क्लोरीन तपासायचो तो ग्रामपंचायतीच्या दारातल्या नळावर. सोयीचं असायचं. सावली असायची, चहा यायचा, शिक्का तिथेच. परीक्षानळीत द्रावण टाकून पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे, की मी ‘योग्य’ लिहून मोकळा. मग गिरणेकडच्या एका गावात एका रात्रीत तीसेक रुग्ण निघाले. टाकीचं पाणी तपासलं, क्लोरीन ठीक. पंचायतीचा नळ, ठीक. घाबरून टाकीत टीसीएल इतकं ओतलं की दोन दिवस लोकांनी पाणी तोंडात धरलं नाही, आणि रुग्ण वाढतच राहिले. आमचे तेव्हाचे पर्यवेक्षक जुने, हाडाचे माणूस. म्हणाले, नावांची यादी ठेव बाजूला, गल्लीवार लिही. लिहिली तर सव्वीस रुग्ण दोनच गल्ल्यांतले. त्या दोन गल्ल्यांना पाणी सोडणारा व्हॉल्व्ह ज्या खड्ड्यात होता, तो खड्डा गटाराच्या पाण्याने काठोकाठ भरलेला आणि व्हॉल्व्हखालचा सांधा निखळलेला. शेवटच्या घराच्या नळावर परीक्षानळी धरली, पाणी पांढरंस्वच्छ राहिलं. म्हणजे क्लोरीनचा थेंब नाही. तेव्हापासून मी कोणत्याही गावात गेलो की आधी विचारायचो, पाणी सगळ्यात शेवटी कोणाकडे पोचतं? त्या घरी जाऊन तपासायचं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. नळाला चोवीस तास पाणी असतं तेव्हा पाइपात दाब असतो. सांधा फुटला तरी आतलं पाणी बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही. आपल्याकडे आठ दिवसांतून तास-दोन तास पाणी सुटतं. उरलेले दिवस पाइप रिकामा, ओलसर, आणि कित्येक ठिकाणी तो गटारातून किंवा गटाराला खेटून गेलेला. पाणी बंद होताना पाइपात पोकळी तयार होते, ती भोकातून बाजूचं पाणी आत ओढते. त्यात आपण दोन गोष्टींची भर घालतो. एक, नळाला थेट मोटार. ती तर पिचकारीसारखी ओढते, स्वतःच्या घरचं आणि शेजाऱ्याच्याही वाट्याचं. दुसरी, दाब कमी म्हणून दारात खोदलेला खड्डा आणि त्यात बिनतोटीचा नळ. पाणी गेल्यावर त्या खड्ड्यात साचलेलं पाणी, ज्यात कुत्रं बसतं, पोराने चप्पल धुतलेली असते, ते उलटं पाइपात जातं. मग पुढच्या वेळी पाणी सुटतं तेव्हा पहिल्या दोन बादल्यांत तेच सगळ्यांच्या घरी येतं.

जून-जुलैतच का? पहिल्या पावसाने उन्हाळाभर उघड्यावर पडलेली घाण गटारात, नाल्यात आणि विहिरीत वाहून येते. गटारं भरतात, व्हॉल्व्हचे खड्डे भरतात. पाणी गढूळ झालं की टाकलेला क्लोरीन त्या गढूळपणावरच खर्च होतो, जंतूंसाठी उरत नाही. शिवाय तुमच्या ग्रामपंचायतीतलं टीसीएलचं पोतं तोवर एप्रिल-मे खाऊन बसलेलं असतं. आपला उन्हाळा म्हणजे पत्र्याच्या खोलीत भट्टीच. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ऊन, दमट हवा आणि उघडं तोंड मिळालं की तो उडत जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेलं टीसीएल वापरायचं नसतं, असा नियमच आहे.

याचा हिशेब करून दाखवतो, कारण ग्रामसभेत हाच कामाला येईल. आमचं नेहमीचं माप हजार लिटरला ५ ग्रॅम. ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. तीच पावडर १५ टक्क्यांवर आलेली असेल तर पाऊण मिलिग्रॅमच. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी ते पाइपात शिरण्याआधीच खाऊन टाकतं. म्हणजे कर्मचाऱ्याने इमानदारीने माप टाकलं, वहीत नोंद केली, आणि गावाला मिळालं जवळजवळ काहीच नाही. म्हणून पोत्यावरची तारीख बघा, तोंड बांधून सावलीत ठेवलंय का बघा आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. पाण्याचा नमुना पाठवतात तसा टीसीएलचाही पाठवता येतो, हे बऱ्याच सरपंचांना माहीतच नसतं.

टाकण्याची पद्धतही बघा. कोरडी पावडर वरून भिरकावणं हे सगळ्यात चुकीचं. बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचं, दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवायचं. खाली चुन्याचा गाळ बसतो. वरची निवळी टाकीत किंवा विहिरीत सोडायची, गाळ टाकून द्यायचा. मग निदान अर्धा तास, शक्य तर तासभर थांबून पाणी सोडायचं. पाणी आधीच सुटलं असेल तर गल्लीतल्या पहिल्या घरांना वासाचं पाणी आणि शेवटच्यांना बिनऔषधाचं, असं होतं. भांडणं तिथूनच सुरू होतात. विहिरीचं पाणी मोजायचं असेल तर व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणा, चारने भागा, हजाराने गुणा. पाच मीटर व्यास, चार मीटर पाणी असेल तर ७८ हजार ५०० लिटर. त्याला साधारण ३९० ग्रॅम. ‘दोन ओंजळी टाकल्या’ हे माप नव्हे.

वासाबद्दल. “पानीले दवाईना वास येस” ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली की झोपेतही ऐकू यायची. पुढचं वाक्यही ठरलेलं: “आम्हना बाप हाईच पानी पीसन मोठा व्हयना.” मी एका आजोबांना म्हणालो होतो, आबा, तुमच्या बापाला भावंडं किती? म्हणाले नऊ. जगली किती? आजोबा गप्प झाले, आणि मलाही बोलल्याचं वाईट वाटलं. वाद जिंकायला असं बोलू नये. पण तक्रारीत तथ्य असतं, तेही ऐकून घ्यावं. वास जास्त येतो तो बहुतेकदा माप चुकल्यामुळे, किंवा चार दिवस काहीच न टाकता पाचव्या दिवशी सगळं एकदम टाकल्यामुळे. मापात टाकलं आणि नळाच्या टोकाला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम राहिलं तर वास नाकाला जेमतेम लागतो, आणि भांडं तासभर ठेवलं की तोही कमी होतो. तेवढा थोडासा क्लोरीन शेवटच्या घरी असणं हीच खूण आहे की वाटेत शिरलेली घाण मारायला काही तरी शिल्लक आहे. वास म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण, असं मी बायकांच्या बैठकीत सांगायचो. पटायचं.

आता आरओ. इथे परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून सरसकट नको म्हणत नाही. आरओचं खरं काम पाण्यातले विरघळलेले क्षार काढणं. तुमच्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा होते, तो अहवाल ग्रामपंचायतीत असतो, मागून घ्या. भारतीय मानकात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालतात. फ्लोराइड १.५ च्या आत आणि नायट्रेट ४५ च्या आत हवं. तुमच्याकडे केळी असेल, खताचा मारा असेल, तर नायट्रेटचा आकडा आवर्जून बघा. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं, आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला त्याचा त्रास होतो. हे आकडे मर्यादेबाहेर असतील आणि जवळ दुसरा स्रोत नसेल, तर फक्त पिण्यासाठी आरओ, याला मी स्वतः हो म्हणेन.

पण आकडे मर्यादेत असतील तर? मग तुम्ही जुलाबावर चष्मा विकत घेताय. आरओचं पाणी जंतूंपासून साफ होऊन निघतं हे खरं, पण त्यात क्लोरीन शिल्लक राहत नाही. ते पडतं कॅनमध्ये. कॅन कधी धुतलेला असतो? मी बघितलेले बरेच कॅन आतून हाताला बुळबुळीत लागायचे. म्हणजे बिनपहाऱ्याचं पाणी घाण भांड्यात. शिवाय मशीन जितकं पाणी देतं, जवळपास तितकंच किंवा त्याहून जास्त गटारात सोडतं. जिथे आठ दिवसांनी नळ येतो तिथे हे परवडतं का, ते तुम्हीच ठरवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, क्षार ५०० च्या खाली असतील तिथे आरओवर बंदी घालायला सरकारला सांगितलं होतं, ते याच नासाडीमुळे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच रुपये देऊन कॅन नेणार कोण? ज्याच्या घरी गाडी आणि तरणा मुलगा आहे तो. गल्लीच्या टोकाची म्हातारी आणि शेतावर राहणारा सालदार नळाचंच पिणार. साथ तिथूनच सुरू होणार, आणि ती भरल्या घरातही येतेच, कारण पोरं एकत्र खेळतात, लग्नात एका पंगतीला जेवतात.

लग्नावरून आठवलं. हल्ली हळदीला, भरीत पार्टीला थंड पाण्याचे जार मागवतात. जारवर ना नाव, ना तारीख, ना कुठून भरला त्याचा पत्ता. थंड आहे म्हणजे शुद्ध आहे, असा समज झालाय. गार पाण्यात जंतू मरत नाहीत, गारठून बसतात. असो.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय पाइपलाइनवर आणि दारातल्या खड्ड्यांवर आहे, दुसरा टीसीएलच्या पोत्यावर, तिसरा घरातल्या साठवणीवर. स्रोतावर त्यानंतर. पण हा संशयच आहे. खात्री करायला तुम्हाला दोन-तीन तास लागतील.

खात्री अशी करा. आशाताईंकडून गेल्या दोन महिन्यांतल्या जुलाबाच्या आणि काविळीच्या रुग्णांची गल्लीवार संख्या घ्या, नावं नकोत. कागदावर गावाचा कच्चा नकाशा काढा, कोणत्या व्हॉल्व्हवर कोणती गल्ली आहे ते पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा. त्याच्याइतकं गावाचं पोट कोणाला माहीत नसतं, आणि त्याला कोणी विचारत नाही. रुग्ण एका व्हॉल्व्हखाली गोळा झाले तर पाइप. सगळ्या गावात सारखे पसरले तर टाकी किंवा स्रोत. इथे एक बारकावा आहे. जुलाबाचं कारण कालपरवाच्या पाण्यात शोधायचं, पण काविळीचं महिनाभर मागे जाऊन. हिपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, ई ला कधी दोन महिनेही. म्हणून कावीळ निघाली त्या दिवशीचा नमुना ‘पिण्यायोग्य’ आला, तर हुरळून जाऊ नका. महिन्यापूर्वी कुठे खोदकाम झालं, कुठे पाइप फुटला होता, कोणत्या कार्यक्रमात जेवले, ते विचारा.

मग पाणी सुटेल त्या दिवशी जलसुरक्षकाला (गावचं पाणी तपासणाऱ्या माणसाला) सोबत घेऊन तीन ठिकाणी क्लोरीन तपासा: टाकीखाली, मधल्या गल्लीत, शेवटच्या घरी. ऑर्थोटोलिडिनचं द्रावण असेल तर पाणी पिवळं होतं. रंग दहा सेकंदांच्या आत बघायचा, नंतर गडद होत जातो त्यावर भरवसा नाही. डीपीडीची गोळी असेल तर गुलाबी. टाकीखाली रंग आणि शेवटी पांढरं, म्हणजे वाटेत खातंय. टाकीखालीच पांढरं, म्हणजे टाकलंच नाही किंवा पावडर मेलेली. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं असतं, संच दिलेला असतो. बऱ्याच ठिकाणी तो कपाटात असतो, किल्ली कोणाकडे ते शोधावं लागतं. काळ्या पडणाऱ्या बाटलीची चाचणी असेल तर तीही करा. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं की विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संशय. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा तर त्यांनी दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच, बर्फात ठेवून, शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून एसटीने चौथ्या दिवशी पाठवलेल्या नमुन्याचे अहवाल मी पाहिलेत, ते काहीच सांगत नाहीत.

सापडल्यावर करायची कामं महाग नसतात. व्हॉल्व्हचे खड्डे उपसून कट्टे बांधणं, गटारातून जाणारी नळजोडणी वर उचलून बाजूने नेणं, गंजलेली जोडणी बदलून फेरूलपासून (मुख्य पाइपवरच्या जोडापासून) नवीन टाकणं, प्रत्येक नळाला तोटी, दारातले खड्डे बुजवणं. आरओच्या पैशात यातलं बरंच होईल. महाग पडते ती वाईटपणा घेण्याची तयारी. मोटारी काढायला सांगणारा सरपंच पुढच्या निवडणुकीत पडतो, अशी आपल्याकडे भीती आहे, आणि ती अगदीच खोटीही नाही. मी एका गावात पाहिलं, बचतगटाच्या बायकांनी पाणी सुटायच्या वेळी त्या गल्लीची वीज तासभर बंद ठेवून घेतली. आठवडाभर शिव्या झाल्या. मग शेवटच्या घरात पाणी तोटीपर्यंत चढलं आणि खड्डे आपोआप बुजले.

पाणी पाइपात जातं ते गटारातलं, आणि गटारात येतं ते संडासातलं. हा धागा सोडून चालणार नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं, तेव्हा मी पहाटे शिट्टी घेऊन फिरलोय. २०१४ नंतर स्वच्छ भारतमध्ये घरोघरी संडास झाले. झाले हे खरं, पण मैला कुठे जातो हे कोणी विचारलं नाही. बऱ्याच घरांनी सेप्टिक टाकी म्हणून एक खोल खड्डा केला, त्याचा पाइप सरळ गटारात. म्हणजे उघड्यावरची घाण गावाबाहेरून उचलून गावाच्या मध्यावर, पाइपाशेजारी आणून ठेवली. याहून दोन शोषखड्ड्यांचा संडास कितीतरी बरा. एक भरला की मधल्या चेंबरमधून वाट बदलायची, पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा, आत खत होतं, वास राहत नाही. आपल्या काळ्या मातीत पाणी हळू मुरतं हे खरं, म्हणून खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा लागतो. विहिरीपासून मी किमान पन्नास फूट अंतर धरायचो, उताराच्या वरच्या अंगाला तर अजिबात नको. सहा फुटांऐवजी बोअरसारखा खोल खड्डा मारून “कधी भरतच नाही” म्हणून खूश होणारेही भेटले. तो भरत नाही कारण तो खालच्या पाण्याला जाऊन मिळालाय.

लहान मुलांच्या शीबद्दल बोलायला लोक हसतात. बाळाचं काय, दूधच पितं, म्हणून ती गटारात टाकतात. जंतूंच्या हिशेबाने ती मोठ्यांच्यापेक्षा कमी वाईट नाही. संडासातच टाका, आणि नंतर हात साबणाने धुवा. साबणाने हात धुणं हे मी सांगितलेल्या सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी पाळलं जाणारं काम. आठ दिवसांआड पाणी असेल तर माणूस हात धुवायलाही कंजुषी करतो, त्याला दोष देत नाही. ओट्यावर तोटीचा एक छोटा डबा आणि बाजूला साबणाची वडी टांगली की तांब्याभर पाण्यात पाच जणांचं होतं. पाण्याचा तुटवडा हाच मुळात आजार पसरवतो, पाणी कितीही शुद्ध असलं तरी. धडगावकडे नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बायका पाहिल्या. त्यांना हात धुवा सांगताना माझी जीभ अडखळायची.

आता घरातलं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसं, आठ दिवस, म्हणजे २२०० लिटर साठवायला हवं. एवढं कोणाकडे असतं? म्हणून हंडा, घागर, ड्रम, बाथरूममधली टाकी, सगळं भरून ठेवतो. डेंगीचा डास अंड्यातून उडेपर्यंत आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस घेतो. बघा, पाण्याची पाळी आणि डासाची पाळी कशी जुळली आहे. म्हणून पाणी यायच्या आदल्या दिवशी ड्रम रिकामे करून आतल्या कडा काथ्याने घासायच्या. नुसतं विसळून भागत नाही, अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडीही महिनोन्महिने तग धरतात. मग झाकण, किंवा जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर दोरीने घट्ट.

नळ सुटल्यावर पहिल्या दोन बादल्या पिण्याला घेऊ नका. गुरांनाही नको, अंगण-संडासाला वापरा. त्यानंतर पिण्याचं पाणी वेगळ्या भांड्यात, दुहेरी कापडाने गाळून. गढूळ असेल तर तुरटी फिरवा, पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यानंतर उपकेंद्रातून मिळणारं क्लोरीनचं द्रावण किंवा गोळी, पाकिटावर लिहिल्या मापाने, अर्धा तास थांबून. घरात बाकीच्यांना एवढं पुरतं. गरोदर बाईला मात्र उकळलेलंच, ते आधी सांगितलं.

आणि तरी कोणाला जुलाब लागले तर ओआरएस. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, चमचा-चमचा काढून नाही, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. लहान मुलांना सोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजलं आणि हजारो पटकीचे रोगी वाचले. आपल्याकडे अजूनही सलाइन लावल्याशिवाय डॉक्टर चांगला वाटत नाही. पाणी पोटात टिकत नसेल, मूल सुस्त पडलं, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र वेळ घालवू नका, मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्या.

आईच्या माठाबद्दल विचारलं होतं, ते राहिलं. माठ काढू नका. आपल्या उन्हाळ्यात माठ काढायला सांगणाऱ्या मुलाचं घरात कोणी ऐकत नाही, आणि माठाचा तसा दोषही नाही. दोष त्यात बुडणाऱ्या पेल्याचा आणि बोटांचा. तोटीचा माठ आणा, बाजारात मिळतो. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते माठावरच टांगा, ओट्यावर नको. नवीन माठ आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत आतून हात लागत नाही, तेवढं मात्र बदला. आठवड्याला घासायचा, साबण न लावता, काथ्या आणि पाण्याने, मग उन्हात पालथा. आईंना सांगा, आखाजीला पूर्वजांची घागर भरतो तशी ताजी घागर रोज भरायची. माझ्या आईला मी हेच सांगितलं होतं आणि तिने ऐकलं होतं.

शेवटच्या घरी परीक्षानळीत काय रंग आला ते कळवा. व्हॉल्व्हच्या खड्ड्याचा फोटो टाकलात तर पुढचं सांगता येईल.